उरुशीची सून

इसोला डोंगरातल्या तोचिझावात नांदायला येऊन तिसरा उन्हाळा लागला, तेव्हा गावाला एकच प्रश्न पडला होता, आणि तो विचारायला कुणाला लाज वाटत नव्हती. विहिरीवर, वाटेवर, देवळाच्या पायरीवर बायका तिला थांबवायच्या आणि तिच्या तोंडाकडे निरखून बघत म्हणायच्या, "काय गं, यंदा उतली का?"

बिब्बा उततो तशी तिथे उरुशी उतते, चिकाने अंग सुजतं, फोड उठतात. डोंगरभर उरुशीचीच झाडं. बापये वाकड्या सुरीने खोडावर आडवी चीर पाडतात आणि चिरेतून पांढरा चीक हळूहळू वर येतो. बघता बघता तो तांबूस होतो, मग काळा. तो खरवडून सालीच्या डब्यात भरायचा आणि खालच्या शहरांत पाठवायचा. तिथे कुणी त्याने वाट्या चमकवतं, कुणी देवघरं. ज्याच्या अंगाला तो चीक मानवला तो या गावचा, न मानवला तो पाहुणा, इतकी साधी गोष्ट होती.

इसोला तो मानवत नव्हता. ती समुद्रकाठच्या, मासे वाळवणाऱ्या घरातली पोर. पहिल्या उन्हाळ्यात तिने झाडाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. नुसते नवऱ्याचे, तात्सुजीचे, कामाचे कपडे धुतले, तेही कौतुकाने, गरम पाण्यात. तिसऱ्या दिवशी तिचं तोंड असं सुजलं की डोळे कुठे आणि गाल कुठे ते सांगता येईना.

आठ दिवस ती आतल्या खोलीत पडून होती. पापण्या उघडत नव्हत्या, त्यामुळे जागेपण कुठलं आणि स्वप्न कुठलं, याचा तिला पत्ता लागत नव्हता. तिला वाटायचं, आपण माहेरच्या समुद्रात खोल तळाशी निजलो आहोत आणि वरून कुणीतरी आपल्यावर वाळू पेरतंय, आणि वाळूचा कण न् कण खाजतोय. मग देवदाराच्या पाल्याच्या पाण्यात भिजवलेलं गार फडकं कपाळावर यायचं आणि समुद्र शांत व्हायचा. ते फडकं तात्सुजीच ठेवत असणार, असं ती धरून चालली होती.

दुसऱ्या उन्हाळ्यातही तेच झालं, फक्त तोंडाऐवजी हात आणि मान. सासूने तिला महिनाभर माहेरी पाठवलं. पाऊलवाटेने उतरताना तिने मागे वळून पाहिलं, तर खोडाखोडांवरच्या काळ्या चिरा धुक्यातून तिच्याकडे बघत होत्या. ती वाटभर रडली.

पहिल्या उन्हाळ्यातल्या त्या दुखण्यापासून तात्सुजीने एक रीत पाळली होती. पहिली चीर पडली की तो झोपायला गोठ्याशेजारच्या खोपीत जायचा आणि शेवटची चीर पडेपर्यंत घरात निजायचा नाही. संध्याकाळी अंगणात तीन हात लांब उभा राहून तो इसोशी बोलायचा. "आज चीक बरा आला," तो म्हणायचा. "हं," ती म्हणायची. "जेवलीस?" "तुमचं व्हायचंय ना अजून." एवढंच. पण हिवाळ्यात, बर्फाने दार अडलं की, तो चुलीपाशी तिला अगदी खेटून बसायचा आणि उन्हाळ्यात साठवलेलं सगळं बोलून टाकायचा: कुठल्या झाडावर घारीने घरटं केलं, कुठल्या झाडाने पावसात हट्ट धरला. इसोचा संसार म्हणजे काय तो हिवाळ्याचाच. आणि त्या चार महिन्यांसाठी ती काहीही सोसायला तयार होती.

पण सोसण्याला मुदत होती. गावचा रिवाजच तसा: सुनेला तीन उन्हाळे उरुशी उतली की डोंगराला ती नको आहे असं समजायचं आणि तिला मानाने माहेरी पोचवायचं. भांडण नाही, बोल नाही. वसंतात बर्फ वितळायला लागला तसं सासूने, कुराने, वरीची पेज ढवळता ढवळता ते बोलूनही टाकलं.

"यंदा उतली तर तुला सोडून येणार मी. आताच सांगून ठेवते."

"आई, यंदा नाही उतणार."

"ते काय तुझ्या हातात आहे?"

"तुम्हांला नाही ना कधी उतली?"

कुराने पळी कडेला आपटली. "मला डोंगराने घेतलं पदरात," ती म्हणाली आणि पेज वाढायला लागली. कुरा म्हणजे सरळ ताठ बाई. ऐन उन्हातही मनगटापर्यंत बाह्या, गळ्यापर्यंत गुंडाळलेला पंचा. गावातल्या बायका तिच्याबद्दल आदराने बोलायच्या आणि जरा घाबरूनही असायच्या. इसो तर पुरतीच घाबरून असायची.

उपाय काढला मोसुकेबाबाने. मोसुकेबाबा गावातला सगळ्यांत म्हातारा चीक काढणारा. आता त्याचे गुडघे कामातून गेले होते, पण तोंड शाबूत होतं. एका संध्याकाळी तो ओट्यावर बसून म्हणाला, "एवढा घोर कशाला करताय? पोरीचं झाडाशी लग्न लावून टाका. बायकोला कोण चावतं?"

"तुमच्या घरी विचारून बघा," तात्सुजी अंगणातून म्हणाला. "आणि मग मी कोण? धाकटा नवरा?"

"तू गप रे. तू उन्हाळ्यात असतोस कुठे नवरा?"

रीत जुनीच होती. पहिली चीर पडायच्या आदल्या दिवशी, पहाटे, बाईने आपलं झाड आपणच निवडायचं. कुणी दाखवायचं नाही. त्याला गवताची दोरी बांधायची, साक्षीदारांना हाक मारायची, मग वाडग्यातली साके, तांदळाची दारू, तीन घोट आपण प्यायची आणि तीन घोट मुळांना पाजायची. शेवटी झाडाला मिठी मारून सांगायचं की आजपासून मी तुझ्या घरची. कुरा ऐकत होती, पण तिने हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. इसोनेच गवत आणलं आणि दोरी वळायला बसली.

त्या पहाटे धुकं इतकं दाट होतं की स्वतःचे पाय दिसत नव्हते. इसो दोरी घेऊन एकटी वर चढली. उरुशीची बाग सुरू झाली. प्रत्येक खोड धुक्यातून अचानक पुढे यायचं आणि ती अंग चोरायची. याला मिठी मारायची? मेलेच मी. ती एकेका झाडापुढे उभी राहिली आणि पुढे सरकली, पुढे सरकली, आणि शेवटी बागेच्या कडेला एक झाड तिला भेटलं. फार उंच नव्हतं. पानं तशीच, जोडीजोडीने लागलेली, फक्त पानांच्या मधल्या देठालाही हिरवी झालर होती, दोन्ही बाजूंनी. त्याच्याकडे बघून तिला भीती वाटली नाही. का वाटली नाही, ते तिला सांगता आलं नसतं. तिने दोरी बांधली आणि हाक मारली.

मोसुकेबाबा धापा टाकत आला, त्याच्यामागून कुरा. मोसुकेने झाडाला नमस्कार केला, मग इसोला, मग चुकून शेजारच्या खडकालाही. कुरा झाडाच्या अगदी जवळ गेली. तिने एक पान बोटांत धरलं, देठावरून अंगठा फिरवला, इसोकडे पाहिलं, पुन्हा पानाकडे पाहिलं.

"काय झालं, आई?"

"काही नाही. घे, पी. बाबांना थंडी वाजतेय."

इसोने तीन घोट घेतले, तीन मुळांत ओतले, डोळे घट्ट मिटले आणि झाडाला कव घातली. "मी तुमच्या घरची झाले," ती पुटपुटली. "मला सांभाळा." साल ओली आणि गार होती. इतकी शांतता होती की तिला वाटलं, आतून काहीतरी संथपणे वर चढतंय आणि त्याचा आवाज आपल्याला ऐकू येतोय. उतरताना तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. थोडा साकेचाही गुण असेल म्हणा.

एक दिवस गेला, तीन गेले, पाच गेले. इसोच्या अंगावर फोड नाही, लाली नाही, काही नाही. ती इतकी खूश होती की विहिरीवर गाणी म्हणायला लागली. सहाव्या दिवशी संध्याकाळी तात्सुजी अंगणात आला आणि पोट धरून हसत सुटला.

"इसो, कडेच्या झाडाला ती दोरी तू बांधलीस? अगं, ते नुरुदे आहे!"

"म्हणजे?"

"म्हणजे उरुशी नव्हे! दिसायला तसंच, पण त्याला ना चीक ना विष. नवरदेव सोडून शेजाऱ्याशी लग्न लावलंस तू!"

मोसुकेबाबाने धुक्यावर ढकललं, मग मोतीबिंदूवर, मग कमी पडलेल्या साकेवर. गाव चार दिवस हसलं. इसोला मात्र हसू आलं नाही. एवढे दिवस जी ढाल आपल्यापुढे आहे असं समजून ती निवांत झोपत होती, ती ढाल नव्हतीच. ती तडक कुराकडे गेली.

"आई, पुन्हा लावूया. खऱ्या झाडाशी. उद्याच."

"एका महिन्यात दोन लग्नं?" कुरा मान वर न करता म्हणाली. "आहे तो नवरा बरा आहे. राहू दे."

"पण मग मला उतेल ना!"

"मी सांगते तसं वागशील तर बघू."

आणि कुराने सांगितलं, म्हणजे हुकूमच सोडले. सकाळी उठल्याबरोबर हाताला, मानेला मोहरीचं तेल. खोपीकडे फिरकायचं नाही. तात्सुजीच्या कपड्यांना हात लावायचा नाही, ते मी धुवेन. चुकून कुठे चीक लागलाच तर आधी तेलाने पुसायचा, मग कोंडा चोळायचा, मग गार पाणी. गरम पाण्याचं नावसुद्धा काढायचं नाही. उरुशीचं लाकूड चुलीत गेलं तर धूर नाकात जाण्याआधी घराबाहेर पळायचं. कुरा हे सगळं अशा घाईने बोलली की इसोला वाटलं, हिने हे कित्येक वर्षं मनात घोकलेलं आहे.

ढगांचे दिवस गेले, कडक ऊन पडलं. चिकाचा ऐन बहर सुरू झाला. तात्सुजी अंधारात जायचा आणि अंधार पडताना यायचा. दुपारी गाव निपचित पडायचं, फक्त रातकिडे दिवसासुद्धा ओरडत असायचे. अशा एका दुपारी इसो ओट्यावर कलंडली आणि तिला स्वप्न पडलं. झालरीच्या पानांचा तो बुटका नवरा पाठीवर गाठोडं घेऊन दारात आला होता. "मी काही तुला वाचवू शकणार नाही," तो अवघडून म्हणाला, "पण चावणारही नाही. चालेल का?" मग दोघं समुद्राकडे चालायला लागली. वाटेत पाणी लागलं, पाण्यावर बर्फ पडत होता, आणि पलीकडच्या काठावर तात्सुजी उभा होता, तीन हात लांब. ती जितकी जवळ जाई, तो तितकाच तीन हात लांब.

ती उठली तेव्हा गाल ओले होते. ऊन पांढरंफटक होतं. अर्धवट झोपेतच तिचे पाय खोपीकडे वळले. दारामागे खुंटीला त्याचा कामाचा सदरा लटकत होता. त्याला घामाचा आणि धुराचा वास होता, हिवाळ्यातल्या तात्सुजीचा वास. इसोने तो काढला, दोन्ही हातांनी उराशी धरला आणि तशीच भिंतीला टेकून बसली. किती वेळ, देव जाणे. आपण काय करतोय हे तिला कळत होतं, आणि तरी तिने तो सोडला नाही. प्रेमात माणूस शहाणपणा करत नसतो, आणि ही तर पहिल्या चिरेपासून उपाशी होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोपराच्या आत खाज सुटली. तिसऱ्या दिवशी पहाटे दोन्ही हातांवर आणि छातीवर बारीक फोडांच्या रांगा उठल्या होत्या. तोंड वाचलं होतं. इसो अंथरुणात बसून राहिली. तिला सगळं दिसत होतं: सासू पुढे, आपण मागे, पाऊलवाट, बोट, आणि माहेरचं मासे वाळवायचं अंगण. यंदा कुणी महिनाभरासाठी पाठवणार नव्हतं.

तिने लांब बाह्या चढवल्या. मग तिला ओढ्यातले तांबडे खेकडे आठवले. ते ठेचून त्यांचं पाणी लावलं की आग निवते असं गावात म्हणायचे. कुणी उठायच्या आत चार खेकडे धरावेत, बाह्यांखाली लावावेत आणि बर्फ पडेपर्यंत गप्प बसावं, असं तिने ठरवलं. ती मागच्या दाराने निघाली. दार आधीच उघडं होतं, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

ओढ्यावर पातळ धुकं तरंगत होतं. दगडादगडांवरून ती वर गेली आणि वळणावर थबकली. पाण्याच्या काठी कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. कमरेपर्यंत उघडं अंग, पंचा बाजूच्या झुडपावर, शेजारी टोपलीत वळवळणारे खेकडे. ती बाई दगडावर खेकडा ठेवून दुसऱ्या दगडाने ठेचत होती आणि ते पाणी हातांना चोळत होती. हातांवर दंडापर्यंत फोड होते. ताजे, सुकलेले, आणि त्यांच्याखाली जुन्या, काळ्या पडलेल्या खुणा, एकीवर एक.

"आई?"

कुरा दचकली. तिने पंच्याकडे हात नेला. मग इसोच्या आखडलेल्या हातांकडे, मनगटाशी आवळून धरलेल्या बाह्यांकडे तिचं लक्ष गेलं आणि तिने हात खाली घेतला.

"कधी?"

"परवा. मी... त्यांचा सदरा घेतला होता."

"धुवायला?"

इसोने नकारार्थी मान हलवली. मग कशाला, ते कुराला कळलं. तिच्या तोंडावरचा ताठा उतरला.

"वेडी पोर," ती म्हणाली. "बस खाली. हात काढ बाहेर."

इसो बसली. कुराने तिचा हात मांडीवर ओढून घेतला आणि खेकड्याचं पाणी लावायला लागली. तिचे तळवे गार होते. कपाळावरच्या त्या गार फडक्यामागचा हात कुणाचा होता, ते इसोला तेव्हा उमगलं.

"तुम्हांला तर डोंगराने पदरात घेतलं होतं," ती हळूच म्हणाली.

"घेतलं ना. चौतीस उन्हाळे घेतोय. दरवर्षी न चुकता."

"तुमचंही झाडाशी लग्न लावलं होतं?"

"माझं झाड अस्सल होतं. हे एवढं जाड. मिठी मारली आणि त्याच दिवशी संध्याकाळी तोंडाचा भोपळा झाला. सासूला सांगितलं, मधमाशी चावली." कुरा हसली, इसोने तिला हसताना कधी पाहिलं नव्हतं. "म्हणून तू नुरुदेला बिलगलीस तेव्हा मी गप्प राहिले. म्हटलं, निदान हा तरी हिला काही करणार नाही."

"मामंजींना ठाऊक होतं, ते होते तेव्हा?"

"त्यांना वाटायचं, कुराला थंडी फार वाजते." कुराने आणखी एक खेकडा उचलला, थोडा वेळ नुसताच हातात धरला आणि पुन्हा पाण्यात सोडून दिला. "तिसऱ्या उन्हाळ्यात मी रोज वाट बघायची. कुणाला तरी दिसेल, कुणीतरी म्हणेल, जा बाई तुझ्या घरी. स्वतःहून सांगायची लाज वाटायची. कुणाला दिसलंच नाही. मग पोर झालं, आणि मग राहिलेच. म्हणून तुझ्या बाबतीत आधीच ठरवून ठेवलं होतं. तुझ्यासाठी कुणीतरी म्हणायला हवं ना."

 वसंतापासून इसो जिच्या नजरेला घाबरत होती, ती बाई तिला हाकलत नव्हती. सोडवायला बघत होती. तिला सासूचा राग आला, तिची माया आली, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिला रडूच आलं.

"रडू नकोस. खारं पाणी फोडांना झोंबतं," कुरा म्हणाली. "आता नीट सांग. माझ्यासारखं लपवून राहायचं नाही, ते मी होऊ देणार नाही. जायचं असेल तर आज निघू. तात्सुजीला मी समजावते. गाव मला काही बोलणार नाही."

ओढा वाहत होता. खाली बागेत कुणीतरी झाडावर सुरी चालवत होतं. चर्र, मग थांबणं, मग चर्र. तात्सुजीच असेल. इसोने डोळे पुसले.

"राहायचंय मला," ती म्हणाली. "उतली तरी. पण लपवणार नाही. सगळ्यांना सांगणार, विहिरीवर सांगणार."

"लोक हसतील."

"नुरुदेला हसले तसे हसतील. चार दिवस."

 कुराने टोपलीतला सगळ्यांत मोठा खेकडा काढून इसोच्या हातात ठेवला आणि तिच्याकडे पाठ करून बसली.

"मग हे लाव," ती म्हणाली. "दोन खांद्यांच्या मधोमध. चौतीस वर्षं तिथे माझा हात पोचत नाही."